डॉक्टरांची शाळा आणि आमची हजेरीवही

"डॉक्टर आज बसणार नाहीत. लेक्चरला गेले आहेत." दवाखान्याच्या बंद शटरवर चिकटवलेली ही चिठ्ठी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तापलेले पोर कडेवर घेऊन आलेली बाई ती वाचते आणि मनात म्हणते, एवढा शिकलेला माणूस, डोक्याचे केस पांढरे झाले, आता याला कसले लेक्चर? मागच्या आठवड्यात आमच्या चाळीतल्या एका आजीने तर आम्हाला जिन्यातच अडवले. "तू इस्पितळात नोकरीला हाईस ना? मग सांग, डाक्टर लोक म्हातारपणी कंची परीक्षा देत्यात?"

परीक्षा नाही आजी, हजेरी. आणि ती हजेरीवही आमच्याच टेबलावर असते.

वाचकहो, आम्ही एका संशोधन रुग्णालयाच्या कार्यालयात वीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी करतो. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहोत ते त्या नावाला शोभणारे नाही, आणि आम्हालाही नाही. बाहेर खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी आमच्याकडे वरचेवर व्याख्याने होतात. इंग्रजीत त्याला 'कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन' म्हणतात, बोलताना सगळे सी.एम.ई. म्हणतात. हॉल उघडून घेणे, खुर्च्या मोजणे, चहाची ऑर्डर, माइकवाल्याला फोन, डॉक्टरांच्या सह्या आणि शेवटी प्रमाणपत्रे वाटणे हे काम बी.कॉम. झालेल्या माणसाचे. व्याख्यानातले सगळे कळते असे नाही. पण दाराशी खुर्ची टाकून वीस वर्षे ऐकतो आहोत. काही ना काही कानावर पडतेच.

आधी हे सांगतो की याची गरज काय. आमच्या वडिलांना पोटात अल्सर होता. त्या काळचे डॉक्टर सांगत, तिखट सोडा, चिंता सोडा, दूध प्या. गिरणीत तीन पाळ्या करणाऱ्या माणसाने चिंता कशी सोडायची हे मात्र कुणी सांगत नसे! पुढे १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांना अल्सरवाल्यांच्या जठरात एक जंतू सापडला. कुणी विश्वास ठेवीना. म्हणून १९८४ साली मार्शल यांनी ते जंतू स्वतःच प्यायले आणि आजारी पडून दाखवले. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. आज जंतूमुळे झालेला अल्सर अँटिबायोटिकच्या दोन आठवड्यांच्या आसपासच्या कोर्सने बरा करता येतो. आता विचार करा, १९८० साली पास झालेल्या डॉक्टरच्या पुस्तकात हे कुठून असणार? तो नंतर कुठे बसून शिकला नसेल, तर त्याचा रोगी जन्मभर दूधच पीत राहिला असेल.

म्हणून नियम झाला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेत लिहिले आहे की डॉक्टराने दर पाच वर्षांत किमान ३० तास असे शिक्षण घ्यावे. आपल्या महाराष्ट्रात तर वैद्यक परिषदेकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करायची असते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. आम्ही कारकून माणूस, लगेच भागाकार केला. पाच वर्षांत ३० तास म्हणजे वर्षाला सहा तास, महिन्याला अर्धा तास. आमच्या घरात संध्याकाळची एक मालिका आठवड्याला तीन तास चालते. त्या हिशेबाने आमच्या सौ. दहा आठवड्यांत डॉक्टर लोकांचा पाच वर्षांचा कोटा पुरा करतील!

पण हे ३० तास तरी कसे जातात ते ऐका.

सकाळी नऊला दार उघडते. पहिल्यांदा येतात ते लांबचे. एक म्हातारे डॉक्टर वर्षानुवर्षे पहिल्या लोकलने यायचे. हातात कापडी पिशवी, पिशवीत शंभर पानी वही आणि जेवणाचा डबा. पुढच्या रांगेत बसायचे, पडद्यावर एक्स-रे आला की चष्मा वर करून पाहायचे आणि व्याख्यान संपल्यावर हात वर करून अगदी साधा प्रश्न विचारायचे. "पण माझ्याकडे सोनोग्राफी नाही, रोग्याकडे पैसे नाहीत, तर मी हातानं काय तपासू?" मोठमोठे तज्ज्ञ या प्रश्नाला अडखळत. आम्हाला वाटते, त्या हॉलमध्ये विचारलेले सर्वांत चांगले प्रश्न त्या पिशवीवाल्या डॉक्टरांचे होते.

दुसरा वर्ग साडेनऊच्या पुढचा. गाडी दारात चालू ठेवून येणारा. सही करतो, पिशवी घेतो, एक समोसा खातो, ओळखीच्या दोघांना हात करतो आणि "जरा इमर्जन्सी आहे" म्हणून जातो. संध्याकाळी त्याचा कंपाउंडर प्रमाणपत्र न्यायला येतो. परिषदेचे निरीक्षक येतात तेव्हा हॉल भरलेला असतो, ते गेले की मागच्या चार रांगा मोकळ्या. २०२० साली कोविडमध्ये ही शाळा संगणकावर गेली, तेव्हा तर कमालच. पडद्यावर डॉक्टरांचे नाव दिसते आहे, आणि मागून सिग्नलला वाजणारे हॉर्न ऐकू येताहेत. मात्र एक फायदाही झाला हे मान्य केले पाहिजे. गडचिरोली-नांदेडकडच्या ज्या डॉक्टरला मुंबईला येणे कधी परवडले नसते, तो घरी बसून ऐकू लागला, आणि प्रश्न विचारू लागला.

आता ती पिशवी आणि तो समोसा कुणाच्या पैशाचा? बऱ्याच ठिकाणी औषध कंपनीच्या. कंपनी हॉलभाडे देते, जेवण देते, आणि बाहेर टेबल लावून आपल्या गोळीची पत्रके ठेवते. २००९ साली वैद्यक परिषदेने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार घ्यायला मनाई केली. पण नियम डॉक्टरांना, कंपनीला नाही. कंपन्या हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवायच्या आणि त्यावर आयकराची सूट मागायच्या. एका औषध कंपनीचा असा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. डॉक्टरांना दिलेल्या वस्तूंमध्ये सोन्याची नाणी, फ्रीज, टी.व्ही. होते. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती उदय लळित आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी निकाल दिला की, जे घेणे डॉक्टरला मना आहे ते देण्याच्या खर्चावर कंपनीला करसवलत मिळणार नाही. आम्ही तो निकाल आमच्या हिशेबनीसाला मोठ्याने वाचून दाखवला. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कंपन्यांच्या पैशावरच्या अशा व्याख्यानांनाच डॉक्टरांनी जाऊ नये असा कडक नियम काढला, आणि त्याच महिन्यात तो स्थगितही केला. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी संहिता काढली. तीत परदेशात अशी व्याख्याने भरवायला बंदी आहे, देशात मात्र हिशेब उघड ठेवून चालेल. कायदा हळूहळू सरकतो आहे. असो. समोशाबद्दल एवढे पुरे. आम्हीही तो खाल्ला आहे.

खरी गोष्ट वेगळीच सांगायची आहे.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, ते आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्यातल्या किती घरांनी तिथल्या फुटपाथवर रात्री काढल्या असतील! २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. तिथे उपचार होतात आणि संशोधनही होते. त्या संशोधनातला एक मोठा भाग आपल्यासारख्यांच्या वस्त्यांमध्ये झाला, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर हा गरीब बायकांचा कॅन्सर. एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे तो होतो. हे शोधणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. हा रोग एका रात्रीत होत नाही. आधी कित्येक वर्षे त्या जागेच्या पेशी बिघडत जातात, आणि त्या मुदतीत सापडला तर बाई वाचते. श्रीमंत देशांत त्यासाठी पॅप तपासणी असते. पण तिला प्रयोगशाळा लागते, तज्ज्ञ लागतो. झोपडपट्टीत हे कुठून आणायचे? तेव्हा टाटाच्या डॉक्टरांनी साधा उपाय घेतला. चार टक्क्यांचे अॅसिटिक अॅसिड, म्हणजे जवळपास आपला स्वयंपाकातला व्हिनेगर, कापसाच्या बोळ्याने त्या जागी लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. पेशी बिघडलेल्या असतील तर पांढरा डाग उमटतो. डोळ्यांनी दिसतो. यंत्र नको, वीज नको, एक टॉर्च पुरे.

आणि तपासणार कोण? डॉक्टर नव्हे. दहावीपर्यंत शिकलेल्या बाया. त्यांना काही आठवडे शिकवले, अधूनमधून उजळणी घेतली आणि वस्तीत पाठवले. १९९८ साली काम सुरू झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांचे वीस गट पाडले. ३५ ते ६४ वयाच्या एकूण १,५१,५३८ स्त्रिया. त्यातल्या ७५,३६० जणींना दर दोन वर्षांनी तपासायचे, असे चार वेळा. उरलेल्या ७६,१७८ जणींना रोगाची माहिती फक्त द्यायची. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. वह्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या आरोग्यताई पाहिल्याचे आम्हाला आठवते. त्या कोणत्या योजनेतल्या होत्या ते ठाऊक नाही, पण बाया त्यांना पाहून मोरीत लपायच्या हे पक्के आठवते. घरच्या पुरुषांची परवानगी, रोजंदारी बुडणे, लाज, "मला काही झालेलं नाही, कशाला बघायचं"! या सगळ्याला त्या मुली कशा पुरून उरल्या असतील, तो एक वेगळा लेख होईल.

२ जून २०१३ रोजी अमेरिकेत शिकागो शहरात जगभरच्या कॅन्सर डॉक्टरांच्या परिषदेत टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी निकाल वाचला. तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. ही तपासणी देशभर झाली तर भारतात वर्षाला २२,००० मृत्यू टळतील असा अंदाज त्यांनी मांडला. म्हणजे बघा, आपल्या गल्लीतल्या दहावी पास मुलींनी टॉर्च लावून केलेले काम, आणि ते ऐकायला खुर्च्यांवर बसले होते जगातले नामांकित डॉक्टर. लेक्चर म्हणतात ते हे.

यावर टीकाही झाली आणि ती आम्ही झाकून ठेवणार नाही. ज्या ७६ हजार बायांना तपासले नाही त्यांचे काय? नुसती माहिती देऊन वर्षानुवर्षे त्यांच्यातले मृत्यू मोजत राहणे योग्य होते का, असा सवाल परदेशातल्या आणि इथल्या डॉक्टरांनी केला. संशोधकांचे म्हणणे असे की त्या वेळी देशात कुणालाच अशी तपासणी मिळत नव्हती, तुलना केल्याशिवाय उपाय लागू पडतो हे सिद्ध झाले नसते. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. पटायचे ते पटले, पण त्या दुसऱ्या गटातल्या बाया मनातून जात नाहीत. आकडा लिहिणारा कारकून कुणीतरी असेल ना तिथेही!

त्याआधी, आता ज्याला धाराशिव म्हणतात त्या उस्मानाबाद जिल्ह्यातही बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने असेच काम झाले. १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एकदाच एच.पी.व्ही.ची चाचणी केली तरी मृत्यू निम्म्याच्या आसपास खाली येतात, हे २००९ साली छापून आले. मराठवाड्यातल्या शेतमजूर बायांनी जगाला शिकवलेला हा धडा आहे.

२०१६ साली आमच्या रुग्णालयात याच विषयावर दिवसभराचे व्याख्यान ठेवले होते. फॅमिली डॉक्टरांनी काय ओळखावे, हा विषय. आम्ही दाराशी होतो. बाईंनी, म्हणजे व्याख्यात्या डॉक्टरांनी, जेवणानंतर एक वाक्य दोनदा सांगितले. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेले तर आतून तपासल्याशिवाय एकही गोळी लिहू नका. आम्हाला ते वाक्य पाठ आहे. पण ते ज्यांनी ऐकायला हवे होते ते तिथे नव्हते. आमच्याच भागात दवाखाना असलेले एक डॉक्टर सकाळी सही करून गेले होते. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, आपलं तेवढं सर्टिफिकेट बाजूला ठेवा. उद्या माणूस पाठवतो." आम्ही म्हणालो, "काळजी नको, डॉक्टरसाहेब." ओळखीचा माणूस, वस्तीत मान असलेला, अडीनडीला उधारीवर औषध देणारा. आम्ही प्रमाणपत्रावर त्यांचे नाव सुबक अक्षरात लिहिले आणि दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून दिले.

२०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या चुलत वहिनींनी सौ.जवळ गोष्ट काढली. वय ५४. पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. "बाई, पुन्यांदा अंगावर जाया लागलंय. कुनाला सांगायची लाज वाटती. डाक्टर म्हनले उष्णता हाय, रगत वाढायच्या गोळ्या दिल्यात." कधीपासून? तर दिवाळीपासून. सात महिने. डॉक्टर कोण? तेच.

सौ.ने रात्री आम्हाला सांगितले तेव्हा पहिल्यांदा कानात ते वाक्य वाजले. आणि लगेच ते पाकीट आठवले.

दुसऱ्या दिवशी वहिनींना आमच्याच रुग्णालयात नेले, तिथून परळला. रोग पुढे गेलेला. विजेचे शेक झाले, सलाइनमधून औषधे झाली. वहिनी बरीच झुंजल्या. मध्ये सहा महिने तर पूर्वीसारख्या भाकऱ्या थापत होत्या. २०१९ च्या पावसाळ्यात गेल्या. त्या डॉक्टरांना आम्ही काही बोललो नाही. बोलणार काय? आधी आले असते तर वाचल्या असत्या का, हे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. आणि त्यांनी विचारले असते, सर्टिफिकेट कुणी दिले, तर?

मरणाच्या पंधराव्या दिवशी कामावर गेलो आणि साहेबांना अर्ज दिला. हजेरी दोनदा घ्यावी, सकाळी येताना आणि संध्याकाळी जाताना. दोन्ही सह्या असतील त्यालाच प्रमाणपत्र. साहेब हसले. म्हणाले, "अहो, अशानं कोण येईल आपल्याकडे? बाजूच्या हॉटेलात जातील, तिथं जेवण पण चांगलं असतं." अर्ज तीन महिने पडून राहिला. मग त्याच व्याख्यात्या बाई आमच्या टेबलाशी आल्या. आम्ही त्यांना सगळे सांगितले, पाकिटासकट. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर अर्ज उचलून घेऊन गेल्या आणि चौथ्या दिवशी सही होऊन आला.

आमच्या भगिनींना दोन शब्द सांगतो, ते या निमित्ताने. २०१६ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हायला हवी. तोंडाची आणि स्तनांचीही. स्तनांच्या तपासणीचाही टाटाने मुंबईच्या याच वस्त्यांत वीस वर्षे अभ्यास केला. ५० वर्षांवरच्या बायांत त्या कॅन्सरचे मृत्यू ३० टक्क्यांच्या जवळपास कमी झाले, असे २०२१ साली जाहीर झाले. तेव्हा केंद्रात जा आणि मागा. "साहित्य आलेलं नाही" म्हणाले तर पुन्हा जा, चौघी मिळून जा. एकटीला परत पाठवता येते, चौघींना अवघड जाते. आणि डॉक्टरने न तपासता उष्णतेची गोळी दिली तर म्हणा, "साहेब, आधी बघा, मग लिहा." यात उद्धटपणा काही नाही. आणि एक, शटरवर लेक्चरची चिठ्ठी दिसली तर चिडू नका. दुसऱ्या दिवशी डॉक्टरला सहज विचारा, काल काय नवीन ऐकलंत? जो बसून ऐकून आला असेल तो आनंदाने सांगेल.

नवीन पद्धत सुरू झाली त्या पहिल्या दिवशी सकाळी वहीची तीन पाने भरली. संध्याकाळी पावणेदोन. ज्यांची नावे राहिली त्यांतल्या दोघांनी आम्हाला फोनवर बरेच सुनावले. वस्तीतले ते डॉक्टरही त्या दिवशी आले होते. सकाळी त्यांनी नवीन रकाना पाहिला, आमच्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत. मागून तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी वहीपाशी आले. आमच्या हातातले पेन घेतले, सही केली आणि खालच्या आवाजात विचारले, "वहिनींचं मला उशिरा कळलं. ते... माझ्याकडेच होत्या ना?"

आम्ही हो म्हणालो.